कानावर अडकवलेली कवायत

पुलाचा चढ लागला तशा ताई आणखीच झपाट्याने पुढे निघाल्या. दोघींच्या मधे चांगले चार विजेचे खांब राहिले. तरी त्यांचा आवाज धाकटीच्या कानात असा येत होता, जणू त्या तिच्या खांद्यावरच येऊन बसल्या आहेत.

“आता मान हलव,” कानात हुकूम आला. “नको म्हणताना हलवतो तशी. पण जोरात.”

धाकटीने आधी आजूबाजूला पाहिलं. पुलावर माणसं होती. कामावर निघालेली, कुत्रं फिरवणारी, एक जण तर कठड्याला टेकून निवांत पाण्याकडे बघत होता. तिने हळूच मान हलवली.

“हलवलीस?”

“हलवली.”

“देवाधर्माची बाई तू, खोटं बोलू नकोस. हलवली असतीस तर इकडे खरखर आली असती.”

धाकटीने डोळे मिटले, मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि अशी मान हलवली की केसांतली क्लिप उडून रस्त्यावर पडली. कठड्याला टेकलेला माणूस दचकून सरळ झाला.

“काय हो, बरं वाटत नाहीये का?”

“बरं आहे. परीक्षा चाललीये,” ती म्हणाली आणि क्लिप उचलायला वाकली. कानांवर अडकवलेली निळ्या इअरफोनची जोडी जागची हलली नव्हती.

“काही पडल्यासारखं वाटलं,” ताई मागे वळूनही न बघता म्हणाल्या.

“क्लिप पडली. जोडी आहे.”

“शाब्बास. मान हलवण्याचे पूर्ण मार्क. चल आता, रेंगाळू नकोस.”

ताई म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची थोरली बहीण. आणि धाकटी म्हणजे त्या घरात सगळ्यात शेवटी आलेली सून. केसांत पांढरं दिसायला लागलं, मुलगी नोकरीला लागली, तरी घरात सगळ्यांच्या तोंडी ती धाकटीच राहिली होती. ताई तिला हाकसुद्धा “धाकटे” अशीच मारत.

ताईंनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. पोरं पाठीमागे त्यांना शिट्टीबाई म्हणत आणि समोर आली की आपोआप पोट आत घेत. त्या कुठेही गेल्या तरी पायात धावायचे बूट. घरच्या लग्नांतही तेच बूट, फक्त पुसलेले. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, “मला बरोबरीने चालणारा हवा होता. बघायला आले ते सगळे खुर्चीत बसणारे.” धाकटीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. भिंतीवर देवाची एक तसबीर, तीही धाकटीनेच नेऊन लावलेली, आणि तिच्याखाली खिळ्याला टांगलेली पितळी शिट्टी.

निवृत्त झाल्यावर ताई गप्प बसतील असं कोणालाच वाटलं नव्हतं, आणि त्या बसल्याही नाहीत. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर त्यांनी बायकांचा व्यायामवर्ग काढला. आधी धाकटीला ओढून नेलं, मग शेजारची शिंपीणकाकू आली, बँकेत कॅशला बसणारी आली, औषधाच्या दुकानातली आली, आणि बघता बघता तीन रांगा झाल्या. सगळ्या गुडघे कुरकुरणाऱ्या, कंबर धरणाऱ्या. ताईंनी शिट्टी मारली की तीन रांगा एकदम हात वर करत. “एक-दोन, एक-दोन” हा त्यांचा आवाज टाकीला आपटून परत येई. त्या आवाजावर काकूंसारखी जिना चढताना रडणारी बाईही मैदानाला फेऱ्या मारायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नाही ते ताईंच्या ओरडण्याने झालं, असं काकू सगळ्यांना सांगत सुटायची.

मग मैदानाला लागून नवीन इमारत उभी राहिली. ऑपरेशन झालेल्या माणसांना बरं होईपर्यंत ठेवायची जागा. पहाटेपर्यंत वेदनेने तळमळलेल्या माणसाचा नुकता डोळा लागावा आणि खिडकीखाली शिट्टी वाजावी, हे काही बरं नाही. मैदानही आता त्या इमारतीच्याच ताब्यात गेलं होतं. तिथले व्यवस्थापक एक दिवस स्वतः आले. माणूस अतिशय सभ्य. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, ही ताईंची खरी पंचाईत झाली.

“बाई, तुमचा वर्ग बंद करायची माझी इच्छा नाही,” ते म्हणाले. “पण आवाज अजिबात चालणार नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी उभा राहून बघेन. आवाज झाला नाही तर खुशाल या. झाला तर फाटकाला कुलूप लावावं लागेल.”

ताईंनी मुकी कवायत करून पाहिली. नुसत्या हातांच्या खुणा. पहिल्या रांगेचं कसंबसं निभलं, दुसरी रांग पहिलीकडे बघून करू लागली, आणि तिसरीत गप्पा सुरू झाल्या. मैदानाला फेऱ्या मारताना तर ताई पुढे आणि बायका मागे, खुणा कोण बघतंय. चार दिवसांत तिसरी रांग यायचीच थांबली. पाचव्या दिवशी शिंपीणकाकू आली नाही. त्या दिवशी ताई घरी परत जाताना एक शब्द बोलल्या नाहीत. धाकटीला लग्न झाल्यापासून त्यांच्या बडबडीची इतकी सवय, की तिला रस्ताच चुकल्यासारखं वाटलं.

उपाय सुचवला तो औषधाच्या दुकानातल्या बाईने. “ताई, सगळ्यांना एकदम फोन लावा ना. आमच्या कानात बोला. कानात घालायचे ते वायरी नसलेले मिळतात की.”

ताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग त्यांचे डोळे असे चमकले, जसे शाळेच्या स्पर्धेत पोरगी शेवटच्या वळणावर पुढे निघाली की चमकायचे. त्याच दुपारी त्या धाकटीला घेऊन बाजारात गेल्या.

फोनच्या दुकानाचा मालक ताईंचाच जुना विद्यार्थी निघाला. चांगला पोट सुटलेला, चष्मा लावलेला, दोन मुलांचा बाप; मुलंही दुकानातच खेळत होती. ताई दारात दिसताच तो गल्ल्यावरून ताडकन उभा राहिला.

“बस,” ताई म्हणाल्या. “धावताना, वाकताना, उड्या मारताना कानातून पडणार नाही असं काय आहे?”

त्याने कानामागून वळसा घालून अडकवायच्या हूकच्या जोड्या काढल्या. काळी, पांढरी, निळी, राखाडी. प्रत्येक जोडी आपल्या छोट्या डबीत, दागिन्यासारखी. प्रत्येकीचे गुण तो सांगू लागला, बॅटरी इतके तास, आवाज असा, घामाने खराब होत नाही, पाऊस चालतो. ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

“हे तू डबीवरचं वाचतोयस. डबी कोणाची असते? बनवणाऱ्याची. मुलाचे मार्क मुलाच्याच बापाने द्यायचे का? चारही दे. उद्या चालवून बघते आणि सांगते.”

“ताई, विकायचा माल आहे तो…”

“घामाने, पावसाने खराब होत नाहीत असं तूच आता म्हणालास ना? मग बिघडतील कशा? पुसून परत देईन. आणि पोट आत घे.”

त्याने पोट आत घेतलं आणि चारही डब्या पिशवीत घालून दिल्या. बाहेर आल्यावर धाकटीला हसू आवरेना. “ताई, बिचाऱ्याची मुलं बघत होती.”

“मग त्यांनाही कळलं ना, बापाला पोट आत घेता येतं ते.”

अशी ही परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या कडेने सुरू झाली होती. पेपर ताईंनी काढलेले. चालणं, धावणं, वाकणं, मान हलवणं, वारा, गर्दी, घाम. पद्धतही त्यांचीच. कवायतीत शिक्षक पुढे असतो आणि वर्ग मागे, तेव्हा ताई फोन तोंडाशी धरून पुढे, आणि जोडी कानावर लावून धाकटी मागे. यात काही वेगळं करता येईल हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

काळ्या जोडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा धाकटी हरखूनच गेली. कानात बोळा बसावा तशी ती घट्ट बसली आणि सगळं जग गप्प झालं. उरला फक्त ताईंचा आवाज आणि तिच्या स्वतःच्या पावलांचा धप धप, डोक्याच्या आत कोणी मुसळ आपटत असल्यासारखा. “ताई, किती स्पष्ट येतंय,” असं ती म्हणतेय तोवर तिच्या कोपराला घासून एक सायकल गेली. सायकलवाला मागे वळून हात नाचवत काहीतरी बोलला. तेही तिला ऐकू आलं नाही.

ताईंना फोनवरून घंटा आणि शिवी दोन्ही ऐकू आली होती. “तुला घंटा ऐकू आली नाही?”

“कुठली घंटा?”

“नापास. बाकीचे पेपर तपासायचेच नाहीत. जे घातल्यावर मागून येणारी गाडी कळत नाही, ते माझ्या बायकांच्या कानात जाणार नाही.”

पांढरी जोडी कान मोकळा ठेवणारी होती, पण तिचा हूक कडक. चालताना ठीक, धावताना ठीक, आणि बुटाची नाडी बांधायला धाकटी वाकली तर डावीकडची टुणकन उडून गवतात पडली. दोघींनी गुडघ्यांवर बसून ती शोधली. सापडल्यावर ताईंनी ती नाकासमोर धरून अशी पाहिली, जशी उशिरा आलेल्या मुलीला बघत असत. “दिसायला सगळ्यात देखणी. म्हणूनच संशय होता मला.”

निळीने पुलापर्यंत फार आशा लावली होती. मान हलवली तरी पडली नाही, वाकलं तरी पडली नाही. पण धाकटीने क्लिप पुन्हा केसांत खोचली, केस कानामागे सारले, आणि ताईंचा आवाज खटकन बंद झाला. फोनच तुटला होता. पुन्हा लावला. थोडं पुढे गेल्यावर वाऱ्याने बट तोंडावर आली, ती मागे सारली, पुन्हा बंद. निळी जोडी नुसत्या बोटाच्या स्पर्शावर चालायची आणि कानाशी गेलेला कुठलाही हात तिला हुकूम वाटायचा.

ताई खांबापाशी थांबल्या. धाकटी धापा टाकत जवळ आली. “बाईमाणूस दिवसात किती वेळा कानामागे केस सारते?” ताईंनी विचारलं.

“मोजलेलं नाही.”

“हे ज्याने बनवलं त्यानेही मोजलेलं नाही. टक्कल असणार त्याला. आण ती राखाडी.”

राखाडी जोडी दिसायला अगदीच साधी होती, धुऊन धुऊन रंग उडाल्यासारखी. तिचा हूक मऊ, कानामागे सापाच्या पिल्लासारखा वळणारा. ती कानाच्या भोकात जायचीच नाही, नुसती त्याच्या तोंडाशी टेकून बसायची. वर एक खरंखुरं बटण, दाबलं तरच दबणारं. धाकटीने ती लावली आणि ताई पुढे निघाल्या. परतीच्या वाटेवर भाजीबाजार लागला. हातगाड्या, हॉर्न, भाव पुकारणारे. त्या सगळ्या गलक्यात ताईंचा आवाज स्वच्छ येत होता, आणि तरीही “बाजूला व्हा” असं ओरडत आलेला हमाल तिला वेळेवर ऐकू आला. ती बाजूला झाली. मग ताईंनी सांगायच्या आधीच तिने केस कानामागे सारले. मान हलवली. वाकली. बाजार संपल्यावर धावली, आणि धावताना आपल्याला लहान मुलीसारखं हसू येतंय हे तिच्या लक्षात आलं.

“काय झालं? का हसतेस?”

“ताई, हीच. हीच आपली.”

“चष्मा लाव.”

“मला चष्मा कुठाय?”

ताई परत आल्या, स्वतःचा वाचायचा चष्मा काढून त्यांनी तिच्या नाकावर ठेवला. काडी हुकावर चढली आणि टोचू लागली. तेव्हा आधी हूक आणि त्यावरून चष्मा, असा क्रम ठरला. मग तिथेच, एका बंद दुकानाच्या पायरीपाशी, त्यांनी तिला दोरीशिवाय दोरीच्या उड्या मारायला लावल्या. रस्त्यावरून जाणारी दोन मुलं थांबून बघू लागली. धाकटीला आता कशाचीच लाज वाटत नव्हती. जोडी पडली नाही. ताईंनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि, जे त्या शाळेत कधीच करत नसत, परीक्षार्थीच्या पाठीवर थाप मारली.

शुक्रवारपर्यंत सगळ्या बायकांकडे राखाडी जोड्या आल्या. तिसरी रांग परत आली, शिंपीणकाकूही आली. कानात आवाज येणार म्हटल्यावर सगळ्या अशा नटूनथटून उभ्या, जणू फोटो काढायचाय. ताई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या, फोन तोंडाशी धरला आणि सगळ्यांना एकदम फोन लावला. पहिल्यांदा कोणी आपला आवाज बंदच केला नव्हता. ताईंच्या फोनमधून सगळ्यांचा श्वास, कोणाचा खोकला, आणि अजून फाटकातच असलेल्या काकूच्या मागोमाग आलेल्या तिच्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला, “अगं, माझे मोजे कुठे ठेवलेस?”

“काकू, मोजे सांगा आणि मग या,” ताई कुजबुजल्या, आणि तो कुजबुजलेला आवाज तीनही रांगांच्या कानांत एकदम उमटला. बायका खिदळल्या. मग ताईंनी सगळ्यांना बटण दाबून आपला आवाज बंद करायला शिकवलं, घसा साफ केला आणि हळू आवाजात, हात वर करत, सुरू केलं. एक. दोन.

आणि तिथेच घोळ झाला. ताईंचा हात वर गेला की कोणाचा हात लगेच जाई, कोणाचा मागून, कोणाचा अर्ध्यावर थांबून पुन्हा सुरू होई. ताईंनी सावकाश मोजून पाहिलं. तसंच. भरभर मोजून पाहिलं, आणखीच वाईट. जन्मभर उशिरा हलणाऱ्या पोरांना ओळखणाऱ्या डोळ्यांना यात एकच गोष्ट दिसली.

“आळस,” त्या कानात म्हणाल्या. “घरून झोप घेऊन आलात का सगळ्या? चार दिवस घरी बसलात, अंग जड झालं.”

बँकेतल्या बाईने चष्मा सारखा केला, बटण दाबलं आणि म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणता तेव्हाच करतोय आम्ही.”

“मी म्हणते तेव्हा करताय? मी दोन म्हणेपर्यंत तुमचा एक चाललाय.”

“मग तुम्हीच चुकताय.”

तीनही रांगांनी ताईंकडे पाहिलं. ताईंना कोणी असं तोंडावर बोललेलं धाकटीने पाहिलं नव्हतं. ताईंनी फोन बंद केला. “उद्या या,” एवढंच म्हणाल्या. पण उद्या म्हणजे शनिवार आणि परवा रविवार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

संध्याकाळी धाकटी देवापाशी दिवा लावून ताईंच्या जिन्यावर गेली. ताई खुर्चीत बसल्या होत्या. खुर्चीत बसलेल्या ताई म्हणजे आजारपणच. समोर टेबलावर चारही डब्या मांडलेल्या, परत द्यायच्या म्हणून पुसून ठेवलेल्या.

“माझीच परीक्षा चुकली,” त्या म्हणाल्या. “पैकीच्या पैकी मार्क दिले मी हिला. आणि सगळ्यांना घ्यायला लावली.”

“ताई, पण पुलावर काही चुकलं नव्हतं. बाजारातही नाही. तुम्ही पाऊल मोजत होतात आणि मी चालत होते. मला तर काही वेगळं वाटलं नाही.”

“तुला वाटणार नाही. तू भोळी आहेस.”

“भोळी असेन. कान धड आहेत माझे.” धाकटीने पिशवीतून स्वतःची जोडी काढली आणि हिय्या करून ताईंपुढे धरली. “तुम्ही एकदा लावून बघा ना. तुम्ही तर एकदाही लावली नाहीत.”

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, जोडीकडे पाहिलं. खरंच की. त्यांनी ओढून पाहिली होती, वाकवून पाहिली होती, नाकासमोर धरून पाहिली होती. लावली नव्हती. त्यांनी हूक कानामागे वळवला. धाकटी स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली, ताईंचा फोन तोंडाशी धरून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, “एक. दोन. एक. दोन.”

ताईंच्या कपाळावर आठी पडली. “पुन्हा म्हण.”

“एक. दोन.”

“माझ्याकडे बघून म्हण. हात वर कर.”

धाकटीने हात वर केला. “एक.”

ताई खुर्चीतून उठल्या. “अगं, तुझे ओठ आधी हलतात. हातही आधी जातो. आणि शब्द मागून येतो, लंगडत लंगडत. फोनमधून फिरून येताना त्याला उशीर होतोय.” त्या खोलीत फेऱ्या मारू लागल्या, दोन खोल्यांत जेवढ्या मारता येतील तेवढ्या. “म्हणजे त्या आळशी नाहीत. निम्म्या माझा हात बघून करत होत्या आणि निम्म्या शब्द ऐकून. आणि बँकवाली दोन्ही करत होती बिचारी, म्हणून मधेच अडकत होती.”

“पुलावर तुमची पाठ होती माझ्याकडे,” धाकटी म्हणाली. “मला तुमचे ओठ दिसतच नव्हते.”

ताई थबकल्या. त्यांचे डोळे पुन्हा तसे चमकले. “म्हणजे मी दिसायलाच नको.”

“पाठ करून उभ्या राहाल?”

“पाठ केली तरी हात दिसतात, सवयीने बघतीलच. मागे. मी मागे उभी राहायला हवी, तिसऱ्या रांगेच्याही मागे.” हे म्हणताना त्या स्वतःच इतक्या चकित झाल्या की पुन्हा खुर्चीत बसल्या. मग एकदम उठल्या आणि फोन उचलून बँकेतल्या बाईला लावला. धाकटीला पलीकडचं ऐकू आलं नाही. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, “तू बरोबर होतीस. उद्या लवकर ये, आणि काकूंनाही घेऊन ये. नाही, रागावले नाही. मी रागावल्यावर अशी बोलते का?”

शनिवारी सराव झाला. रविवारी व्यवस्थापक फाटकाशी उभे राहिले. धाकटी दुसऱ्या रांगेत होती. तिच्यासमोर नुसतं मोकळं मैदान आणि टाकी, नव्या इमारतीच्या खिडक्या एका बाजूला. समोर कोणी नाही हे फार विचित्र वाटत होतं. मनातल्या मनात तिने देवाचं नाव घेतलं, आणि त्या नावापाठोपाठ कानात शांतपणे, जणू कोणी घरातलंच माणूस उशाशी बसून बोलतंय असा आवाज आला. एक.

तीन रांगांचे हात एकदम वर गेले.

दोन. हात एकदम खाली. मान डावीकडे, सगळ्या माना डावीकडे. वाका, सगळ्या वाकल्या. कोणाच्या बुटाखालची खडी वाजली तेवढीच. मग फेऱ्या सुरू झाल्या. तीन रांगा मुंग्यांसारख्या एका तालात मैदानाला वळसा घालत होत्या आणि ऐकू काय येत होतं, तर टाकीवरच्या पारव्यांची घूं घूं. धाकटी पुढच्या बाईच्या पावलाशी पाऊल जुळवत होती. काकू पुढे तोंड दाबून हसत होती, पण पाय चुकत नव्हता.

तिसऱ्या फेरीत धाकटीने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत निळ्या गाऊनमधला एक म्हातारा माणूस उभा होता. बायकांचे हात वर गेले की तोही आपला एक हात वर करत होता. दुसरा हात गळ्यात बांधलेला. शेजारच्या खिडकीत एक बाई आली. तीही बघून बघून मान वळवू लागली.

व्यवस्थापकांनीही ते पाहिलं. कवायत संपल्यावर ते सरळ ताईंकडे गेले, म्हणजे जिथे ताई असतील असं त्यांना वाटलं तिथे, पुढे. तिथे कोणीच नव्हतं. मग त्यांना त्या मागे दिसल्या.

“मला काहीच ऐकू आलं नाही,” ते म्हणाले. “या सगळ्या कोणाच्या तालावर चालत होत्या?”

“माझ्या,” ताई हळूच म्हणाल्या. आवाज हळू ठेवायची त्यांना दोन दिवसांत सवय झाली होती.

“उद्यापासून येत राहा.” त्यांनी खिडक्यांकडे पाहिलं. “आणि जमलं तर त्या बाजूला तोंड करून करा. त्यांना बरं दिसेल.”

बायका ताईंना गराडा घालून उभ्या राहिल्या. बँकेतल्या बाईने नुसता ताईंचा दंड दाबला. काकूने तर त्यांना मिठीच मारली, आणि ताईंना मिठीचं काय करायचं ते माहीत नसल्याने त्यांनी तिची पाठ सरळ केली.

परत जाताना दोघी कालव्याच्या कडेने गेल्या. आज ताई पुढे गेल्या नाहीत, बरोबरीने चालत होत्या. बराच वेळ त्या उत्साहाने बोलत राहिल्या. काकू डाव्या टाचेवर जास्त भार देते, हे त्यांना इतक्या दिवसांत दिसलंच नव्हतं. बँकवालीचा उजवा खांदा खाली आहे, खुर्चीमुळे असणार. औषधवाली मान वळवत नाही, कंबरच वळवते, लबाड आहे.

“समोरून सगळी माणसं नीट उभी राहतात गं,” त्या म्हणाल्या. “मागून कळतं खरं.”

धाकटीने मनातल्या मनात देवाचे आभार मानून घेतले. पुलाचा चढ लागला. ताई कठड्यापाशी थांबल्या आणि खालच्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, “परवा संध्याकाळी तुझ्या तोंडून एक-दोन ऐकलं ना, खोलीत. मी हात वर केला नव्हता, पण माझा खांदा आपोआप उचलला गेला होता. तुला दिसलं का?”

“नाही.”

“गेला होता. आयुष्यभर मीच मोजत आले. दुसऱ्याने मोजलेल्यावर हात कसा वर जातो ते मला माहीतच नव्हतं.” त्यांनी धाकटीकडे वळून पाहिलं, जरा लाजल्यासारख्या. “उद्या मला दुसऱ्या रांगेत तुझी जागा देशील? आणि आकडे तू म्हण. माझं काही चुकलं तर सगळ्यांसमोर सांग, ताई आहे म्हणून सोडू नकोस.”